खिडकीतून झालेली पक्षिगणना

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि पक्षिनिरीक्षकांची नेहमीची सगळी ठिकाणे एका रात्रीत दुरावली. पाणथळी, माळराने, धरणांचे काठ, घाटवाटा, अभयारण्ये सारे बंद. उरले ते घर आणि घराच्या खिडकीतून, गच्चीवरून, अंगणातून दिसणारे, ऐकू येणारे जग. पुढच्या काही आठवड्यांत भारतासह अनेक देशांतल्या पक्षिमित्रांनी एकमेकांपुढे एक आव्हान ठेवले : आहात तिथूनच पाहा, ठरावीक वेळ पाहा, दिसलेल्या आणि ऐकलेल्या प्रत्येक जातीची नोंद करा आणि ती सर्वांच्या नोंदींत जमा करा. भारतात ‘बर्ड काउंट इंडिया’ या गटाने अशा घरबसल्या नोंदींना चालना दिली. ब्रिटनमध्ये ‘ब्रिटिश ट्रस्ट फॉर ऑर्निथॉलॉजी’ने बागेतल्या पक्ष्यांच्या आपल्या साप्ताहिक गणनेची वर्गणी त्या काळात माफ केली. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातल्या पक्षिसंस्थेने ‘मी घरीच थांबतो’ अशा अर्थाच्या नावाने मोहीम चालवली. आज या साऱ्याची आठवण निघते ती बहुधा विरंगुळा म्हणून; बाहेर पडता येत नव्हते, मग लोकांनी खिडकीशी बसून मन रमवले, एवढीच. ही आठवण अपुरी आहे. घराच्या परिसरात राहून, तेच पक्षी पुन्हा पुन्हा पाहणे हा पक्षिविद्येचा जुना आणि मुख्य प्रवाह आहे. दूरवर जाऊन दुर्मीळ पक्षी शोधणे ही त्याला नंतर फुटलेली शाखा आहे. टाळेबंदीने या जुन्या प्रवाहात एक नवी गोष्ट आणली. इतक्या लोकांनी, एकाच काळात, एकाच नियमाने आपापला लहानसा परिसर पाहणे पूर्वी कधी घडले नव्हते. तिचे मोल कळायचे तर मागचा इतिहास पाहावा लागतो.

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातल्या सेलबोर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचा पाद्री राहत असे. आपल्या गावाच्या निसर्गेतिहासावरचे त्याचे पुस्तक १७८९ साली आले. व्हाइटने मोठे प्रवास केले नाहीत. पण दिसायला जवळजवळ सारख्या असणाऱ्या तीन वटवट्यांच्या जाती त्यानेच आवाजावरून वेगळ्या ओळखल्या, आणि हे गावात राहूनच केले. रोज त्याच झाडांखालून जाणाऱ्या माणसाला जो फरक ऐकू येतो, तो वाटसरूला येत नाही. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांविषयीचे छापील ज्ञान साचले तेही बरेचसे याच रीतीने. जर्डनचे भारतीय पक्ष्यांवरचे खंड १८६२ ते १८६४ या काळात निघाले. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमने १८७० नंतरच्या दशकात ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक चालवले, ते देशभर विखुरलेल्या वार्ताहरांच्या बळावर. हे वार्ताहर म्हणजे एकेका ठाण्यावर वर्षानुवर्षे नेमलेले डॉक्टर, अभियंते, महसुली अधिकारी. दख्खनच्या पक्ष्यांवरचा डेव्हिडसन आणि वेंडेन यांचा लेख १८७८ साली याच नियतकालिकात आला. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. या परंपरेतली उणीवही सांगायला हवी : तिचे बरेचसे काम बंदुकीने झाले, आणि पक्षी कुठे सापडेल, कधी येईल हे ज्यांना ठाऊक होते त्या स्थानिक शिकाऱ्यांची, पारध्यांची, शेतकऱ्यांची नावे क्वचितच छापली गेली. त्यांचे ज्ञान तर पूर्णपणे जागेशी बांधलेले होते. पावशाची साद कानी आली की पेरणी जवळ आली, हे शेतकऱ्याने ठरवले ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच शिवारात ती साद ऐकून.

या परंपरेचा विसाव्या शतकातला सर्वांत लखलखीत दाखला अलिबागजवळच्या किहीमचा आहे, आणि तोही अडचणीतून जन्मलेला. सलीम अली बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेसमान यांच्या हाताखाली शिकून १९३० साली परतले, तेव्हा त्यांना नोकरी नव्हती. पैशांअभावी त्यांची मुंबईतली संग्रहालयातली जागाच रद्द झाली होती. मुंबईतला खर्च परवडेना म्हणून ते किहीमला पत्नीच्या माहेरच्या घरी राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. शिडीवर कापडी आडोसा बांधून, त्यामागे तासन्‌तास बसून त्यांनी त्या वसाहतीचा पावसाळा टिपला. सुगरणीचा नर घरटे अर्धवट विणतो, मादी येऊन ते पारखते, तिने पसंत केले की नर ते पुरे करतो आणि मादी अंड्यांवर बसली की स्वतः दुसरे घरटे विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हा क्रम त्यांनी प्रथम उलगडून दाखवला. १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या या निबंधाने पक्षिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव झाले. सुगरण हा अगदी सामान्य पक्षी आहे. तिची घरटी कोकणात आणि देशावर हजारो लोकांनी पाहिली होती. पण घरटे पाहणे वेगळे आणि एका वसाहतीचा हंगाम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहणे वेगळे. ही दुसरी गोष्ट करायला माणूस एका जागी बांधलेला असावा लागतो. सलीम अलींना त्या हंगामात परिस्थितीने किहीमला बांधून ठेवले होते.

श्ट्रेसमान यांचे नाव याच संदर्भात पुन्हा येते, एका फार वेगळ्या जागी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्ये जॉन बक्सटन, पीटर कोंडर आणि जॉर्ज वॉटरस्टन हे पक्षिप्रेमी होते. युद्धकैद्यांच्या छावण्यांत त्यांनी तारेच्या कुंपणाआतून दिसणारे पक्षी पाहायला सुरुवात केली. बक्सटनने रेडस्टार्ट हा लहानसा पक्षी निवडला आणि सहकैद्यांना पाळ्या लावून एकेका जोडीवर शेकडो तास नजर ठेवली : नर कधी गातो, मादी कधी बसते, पिलांना चारा किती वेळा येतो. शत्रुराष्ट्राचे नागरिक असूनही बर्लिनहून श्ट्रेसमान यांनी या कैद्यांना पुस्तके आणि पक्ष्यांच्या पायात घालायची वाळी मिळवून दिली. युद्धानंतर, १९५० साली, बक्सटनचा ‘द रेडस्टार्ट’ हा ग्रंथ आला. कोंडर पुढे ब्रिटनच्या ‘रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स’चा प्रमुख झाला आणि वॉटरस्टनने १९४८ साली फेअर आयल बेटावर पक्षिवेधशाळा उभी केली. छावणीतली उपासमार, थंडी, अपमान यांची तुलना कुणाच्याही टाळेबंदीशी करू नये. तसे करणे त्या माणसांवर अन्याय होईल. पण पद्धतीपुरता धडा उघड आहे. बक्सटनच्या कामाचे बळ दोन गोष्टींत होते : एकच जागा न सोडणे, आणि पाळ्या वाटून अनेकांनी मिळून पाहणे. पहिली गोष्ट बंदिवासाने लादली. दुसरी त्यांनी स्वतः ठरवली. २०२० साली घराघरांतून जे झाले, त्यातही याच दोन गोष्टी होत्या.

अनेकांनी मिळून मोजण्याचा इतिहास स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे, कारण ‘आव्हान’ हा शब्द ऐकताच अभ्यासू मंडळी सावध होतात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाताळात बंदुका घेऊन गट पाडायची चाल होती. जो गट जास्त पक्षी आणि प्राणी मारील तो जिंकला. फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने १९०० सालच्या नाताळात लोकांना पर्याय सुचवला : चढाओढ करा, पण मारू नका, मोजा. त्या वर्षी २५ ठिकाणी २७ जणांनी मिळून सुमारे ९० जाती नोंदवल्या. ती गणना आजही दर हिवाळ्यात होते आणि उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांच्या चढउताराचा तिच्याइतका लांब पल्ल्याचा लेखाजोखा दुसरा नाही. चॅपमनने स्पर्धेची ओढ तशीच ठेवली, तिचे फळ तेवढे बदलले. ब्रिटनमध्ये १९७९ साली मुलांसाठी एक तासाची बागेतली पक्षिगणना सुरू झाली. तिच्यात प्रत्येक घर एकच तास देते. पण चाळीस वर्षांच्या या तासांनी बागांतल्या स्टार्लिंग पक्ष्यांची संख्या सुमारे ८० टक्क्यांनी घसरल्याचे दाखवले. १९९५ पासून चालत आलेल्या साप्ताहिक बाग-नोंदींमुळे २००५ नंतर ग्रीनफिंच पक्ष्यांत पसरलेल्या एका परजीवीच्या साथीचा माग काढता आला. दूरच्या अभयारण्यात पाहणाऱ्याला ही साथ दिसली नसती; ती बागेतल्या दाणापाण्याच्या जागीच दिसली.

भारतात ही सामूहिक बाजू उशिरा आली, पण आली ती घराजवळच्या पक्ष्यांच्या वाटेनेच. झफर फतेहअली यांनी मुंबईहून चालवलेल्या ‘न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स’ने हौशी निरीक्षकांची लहान-लहान टिपणे दशकानुदशके छापली. २००७ साली सुरू झालेल्या ‘मायग्रंटवॉच’ने लोकांना सोपा प्रश्न विचारला : स्थलांतरित पक्षी तुमच्याकडे कोणत्या तारखेला पहिल्यांदा दिसला? २०१२ साली ‘सिटिझन स्पॅरो’ या उपक्रमाने चिमणीविषयी विचारले : पूर्वी दिसायची का, आता दिसते का? २०१३ पासून भारतीय निरीक्षक फेब्रुवारीतल्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये उतरले, आणि किमान १५ मिनिटे एका जागी पाहून सर्व जातींची यादी करायची रीत रुळली. या सगळ्याचे पहिले मोठे फळ टाळेबंदीच्या जेमतेम महिनाभर आधी, १७ फेब्रुवारी २०२० रोजी, गांधीनगरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत समोर आले. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा तो अहवाल १५,५०० हून अधिक निरीक्षकांच्या एक कोटीहून अधिक नोंदींवर उभा होता आणि त्यात ८६७ जातींचा विचार होता. चिमणी सगळीकडून नाहीशी होत आहे, ही भावना नाशिकपासून दिल्लीपर्यंत पसरलेली होती. अहवालाने सांगितले की मोठ्या महानगरांत ती कमी झाली आहे, पण देशभरातली तिची स्थिती गेल्या पंचवीस वर्षांत साधारण स्थिर आहे. दुसरीकडे, ज्यांची कुणी काळजी केली नव्हती अशा अनेक शिकारी, पाणथळीच्या आणि गवताळ माळांवरच्या पक्ष्यांची घसरण त्याने दाखवली. भावना आणि वास्तव यांत जिथे अंतर होते, तिथे ते हजारो सामान्य याद्यांनीच मोजले.

म्हणजे टाळेबंदी आली तेव्हा पद्धत तयार होती, माणसे होती, नोंदी ठेवायचे सामाईक कोठार होते. नसलेली गोष्ट एकच होती : तेच ठिकाण रोज पाहण्याची सवय. आठवडाभर काम, रविवारी पहाटे गाडी काढून पाणथळीवर, असाच बहुतेकांचा क्रम. त्यामुळे पाणथळीची यादी दरवर्षी भक्कम, आणि स्वतःच्या इमारतीमागचा आंबा मात्र कोरा. एप्रिल आणि मे हे तर महाराष्ट्रातल्या पक्षिनिरीक्षकांनी दुर्लक्षिलेले महिने. हिवाळी पाहुणे गेलेले असतात आणि ऊन बाहेर पडू देत नाही. त्या वर्षी हेच महिने खिडकीशी काढावे लागले. उजाडण्याआधी दयाळ कुठून सुरुवात करतो, तांबटाची टुकटुक दुपारच्या कोणत्या वेळी थांबते, शिंपी कुंडीतल्या झाडाची दोन पाने शिवतो तेव्हा नर-मादी दोघे येतात की एकच, कावळ्याच्या घरट्याभोवती कोकीळ किती दिवस आरडाओरड करून त्याला उठवत राहतो, शेवटची भोरडी कोणत्या तारखेला दिसली आणि पहिला पावशा कोणत्या तारखेला बोलला, हे प्रश्न फेरफटक्यात सुटत नाहीत. ते त्याच जागी रोज बसणाऱ्यालाच सुटतात. आव्हानाचे नियम या सवयीला पाठबळ देत होते : ठरलेली वेळ, ठरलेली जागा, दिसलेले सगळे पक्षी, आणि मनासारखे काही दिसले नाही तरी यादी द्यायची. ९ मे २०२० च्या जागतिक पक्षिगणनेच्या दिवशी, अनेक देशांत घराबाहेर पडणे अवघड असतानाही, ५० हजारांहून अधिक लोकांनी मिळून जगभरातून सहा हजार चारशेहून अधिक जाती नोंदवल्या. या दिवसाच्या गणनेत इतक्या लोकांनी भाग घेण्याचा तो तोवरचा विक्रम होता.

यावर पहिला आक्षेप शास्त्राचा आहे, आणि तो गंभीर आहे. त्या काळात ‘पक्षी परतले’ अशी वाक्ये सगळीकडे फिरत होती. नवी मुंबईच्या पाणथळींवरच्या गुलाबी रोहितांची छायाचित्रे जगभर गेली आणि माणूस घरात बसला म्हणून निसर्ग मोकळा झाला, असा अर्थ त्यांना चिकटला. वास्तविक रोहित ठाण्याच्या खाडीवर कित्येक वर्षांपासून हजारोंनी येतात. म्हणूनच तर २०१५ साली ती खाडी रोहित अभयारण्य म्हणून जाहीर झाली. खिडकीतल्या हजारो नव्या निरीक्षकांनी असाच भ्रम पसरवला नाही का? एकेकट्या निरीक्षकाच्या बाबतीत हे झालेच. पण त्या भ्रमाची तपासणीसुद्धा खिडकीतल्या याद्यांनीच केली. कॅटलोनियात घरांतून आलेल्या नोंदींची आधीच्या वर्षांच्या नोंदींशी तुलना करून अभ्यासकांनी शहरात नेहमी दिसणाऱ्या १६ जाती तपासल्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की शहरांत पक्षी वाढले नव्हते. रहदारी थांबल्यामुळे पहाटेच्या वेळी ते जास्त सहज दिसत आणि ऐकू येत होते, म्हणजे बदलली होती त्यांची वागणूक. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती पांढऱ्या मुकुटाच्या स्पॅरो पक्ष्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण टाळेबंदीपूर्वीही झालेले होते. त्याच्याशी ताडून पाहता असे दिसले की गोंगाट ओसरल्यावर हे पक्षी हळू आवाजात आणि खालच्या स्वरांतही गाऊ लागले. दोन्ही अभ्यास शक्य झाले ते आधीच्या नोंदी होत्या म्हणून. ज्या शहरात जुन्या याद्या नव्हत्या, तिथे ‘परतले’ म्हणणाराही बरोबर ठरू शकत नव्हता आणि नाकारणाराही. आक्षेपाचे उत्तर त्यामुळे अधिक नोंदी हेच आहे.

दुसरा आक्षेप असा की खिडकीतून दिसतात ते कावळे, पारवे, साळुंक्या, बुलबुल. त्यांना कसला धोका? धोक्यातला माळढोक, तणमोर किंवा गिधाड सोसायटीच्या गच्चीवरून दिसणार नाही. हे खरेच आहे, आणि घराजवळच्या गणनेने माळरानांवरची, पाणथळींवरची गणना बाजूला सारावी असे कुणी म्हणत असेल तर ते चुकीचे आहे. पण सामान्य पक्षी सामान्य राहतीलच, याची हमी इतिहास देत नाही. गिधाडे पन्नास वर्षांपूर्वी आपल्या गावकुसाबाहेर नित्य दिसत. ती इतकी सामान्य होती की त्यांची संख्या मोजून ठेवावी असे फार थोड्यांना वाटले. नव्वदच्या दशकात गुरांच्या डायक्लोफेनॅक या औषधामुळे ती कोसळली, तेव्हा जुन्या आकड्यांसाठी भरतपूरसारख्या मोजक्या जागांच्या नोंदींवर विसंबावे लागले. २०२३ साली आलेल्या पुढच्या राष्ट्रीय अहवालात ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी होत्या आणि ९४२ जातींची तपासणी होती. तरीही दीर्घ काळाचा कल सांगता येईल एवढी माहिती फक्त ३३८ जातींची निघाली. त्यांपैकी ६० टक्के जाती घटलेल्या आहेत. बाकीच्या शेकडो जातींविषयी आपण गप्प बसतो, कारण तीस वर्षांपूर्वी त्यांच्या याद्या कुणी केल्या नाहीत. आज बुलबुलाची नोंद करणारा माणूस तीस वर्षांनंतरच्या अभ्यासकाची अडचण दूर करतो आहे. नोंदी घरांभोवती गोळा होतात आणि शेताशिवाराचा भाग कोरा राहतो, हा दोषही मान्य करायला हवा. त्याचा उपाय केरळने दाखवला आहे : २०१५ ते २०२० या काळात हजारभर स्वयंसेवकांनी राज्याचे चौकोन पाडून, नेमून दिलेल्या जागी जाऊन पक्ष्यांचा नकाशा पुरा केला. नेमून दिलेल्या जागी जाऊन प्रामाणिक यादी करणारे हजार लोक अचानक मिळत नाहीत. ते घराजवळच्या मोजणीतूनच तयार होतात.

तिसरा आक्षेप स्पर्धेचा. आव्हान म्हटले की आकडा वाढवण्याची हाव येते, आणि हावेपोटी न पाहिलेला पक्षीही यादीत जातो. पण टाळेबंदीतल्या आव्हानाची रचनाच या हावेला फारसा वाव देत नव्हती. मोजदाद जातींची कमी आणि सातत्याची जास्त होती. ज्याच्या खिडकीसमोर भिंत आहे त्याची आठ जातींची यादी आणि ज्याच्या घरामागे टेकडी आहे त्याची चाळीस जातींची यादी, दोन्ही पूर्ण असतील तर अभ्यासाच्या दृष्टीने सारख्याच मोलाच्या. आज साळुंकी दिसली नाही, हेही पूर्ण यादी सांगते, आणि अभ्यासकाला ‘नाही’ची ही नोंद ‘आहे’च्या नोंदीइतकीच लागते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी चॅपमनने चढाओढीचे वळण बदलले होते. इथे ते आणखी एक पाऊल पुढे गेले : जिंकायचे होते ते न चुकता बसण्यात.

चौथा आक्षेप सर्वांत जड आहे आणि तो शास्त्राचा नाही. खिडकीशी बसून पक्षी मोजायला खिडकी लागते. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली सापडून मेले. जालन्याहून भुसावळच्या दिशेने चालत निघालेले, मध्य प्रदेशातल्या गावांकडे जाऊ पाहणारे ते लोक थकून रुळांवरच झोपले होते. दुसऱ्याच दिवशी जागतिक पक्षिगणनेचा विक्रम झाला. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की टाळेबंदीने सगळ्यांना निसर्गाजवळ नेले, अशा वाक्याची लाज वाटावी. ते वाक्य खोटे आहे. घर, पगार, निवांतपणा आणि समोर एखादे झाड असलेल्यांनाच ती फुरसत मिळाली; दहा बाय दहाच्या खोलीत आठ जणांनी काढलेल्या दिवसांत ती नव्हती. हा आक्षेप खोडून काढता येणार नाही, काढूही नये. त्यातून पुढे काय निघते, एवढे मात्र विचारता येते. घराजवळचे पक्षिनिरीक्षण हे पक्षिनिरीक्षणाचे सर्वांत स्वस्त रूप आहे : गाडी नको, प्रवेशशुल्क नको, महागडा कॅमेरा नको, आवाज ओळखता येऊ लागले तर दुर्बीणही नको. जो छंद मोठ्या प्रमाणावर सुट्ट्या आणि पैसा मागत आला आहे, त्याचे लोकशाहीकरण व्हायचे असेल तर ते याच रूपातून होईल. शिवाय याद्या कुठून आल्या आणि कुठून आल्या नाहीत, हे नकाशावर मांडले तर शहरातली झाडे कुणाच्या वाट्याला आली आणि कुणाच्या नाही, हेही दिसते. कोऱ्या राहिलेल्या वस्त्यांत झाडे, बागा आणि शाळांमधले पक्षिगट न्यावेत, ही मागणी त्या नकाशाच्या आधारे करता येते, आणि ती केली पाहिजे.

टाळेबंदीच्या त्याच वर्षी, २०२० साली, महाराष्ट्र शासनाने ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केला. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सलीम अलींचा. पक्षिमित्रांच्या दीर्घ पाठपुराव्याचे ते फळ होते आणि ते आनंदाचेच आहे. पण सप्ताह साजरा होतो तो बहुतेक व्याख्याने, प्रदर्शने आणि पाणथळीच्या सहलींनी. या लेखातले दाखले पाहता त्या आठवड्यात आणखी एक साधी गोष्ट व्हायला हवी : प्रत्येक शाळेने, प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने, प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या आवारातली १५ मिनिटांची पूर्ण यादी रोज करावी आणि पुढल्या वर्षी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा करावी. नोव्हेंबर हा हिवाळी पाहुणे स्थिरावण्याचा काळ असतो, म्हणून तारखाही सोयीच्या आहेत. दहा वर्षे हे चालले तर महाराष्ट्राकडे वस्तीतल्या पक्ष्यांचा असा लेखाजोखा असेल की एखादी टेकडी फोडताना, नाला बुजवताना, रस्त्यासाठी वडाची रांग तोडताना ‘इथे काय होते?’ या प्रश्नाला भावनेऐवजी आकड्याने उत्तर देता येईल. टाळेबंदीने घडवून आणलेले सातत्य सक्तीचे होते, म्हणूनच ते सक्तीबरोबर बऱ्याच अंशी ओसरले. रस्ते खुले झाल्यावर गाड्या पुन्हा पाणथळींकडे वळल्या. सलीम अलींनी एका हंगामात आणि बक्सटनच्या साथीदारांनी कुंपणाआडच्या वर्षांत जे मिळवले ते नाइलाजाने एका जागी राहून. आपल्याला तेच नाइलाज नसताना करायचे आहे. २०२० च्या त्या आव्हानाचा खरा निकाल त्या वर्षीच्या आकड्यांवरून लागणार नाही. त्याच खिडक्यांतून, त्याच झाडांच्या याद्या २०३० साली आणि २०४० साली कितीजण करत असतील, यावरून तो लागेल. आणि तो निकाल अजून आपल्याच हातात आहे.